घाटावरच्या वाटसरूंची मोजदाद

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने अकबराच्या साम्राज्याची जी विस्तृत कैफियत ‘ऐने अकबरी’ या नावाने सिद्ध केली, तीत वऱ्हाड सुभ्याच्या मेहकर सरकारात मोडणाऱ्या लोणारचा उल्लेख आहे. त्या स्थळाचे पावित्र्य, तेथे मिळणारे क्षारद्रव्य, त्यापासून होणारा साबण व काच, आणि त्यातून खजिन्यात पडणारा वसूल, एवढा तपशील त्या अल्प मजकुरात आला आहे. पुढच्या काळात या क्षाराच्या जातीही कागदोपत्री निश्चित झाल्या. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची नावे आणि प्रत्येकीचा निराळा भाव मक्तेदारांना तोंडपाठ होता. मात्र त्याच सरोवराच्या त्याच खाऱ्या चिखलावर दर हिवाळ्यात लडाख-तिबेटच्या उंच पठारांवरून जे केशरी रंगाचे चक्रवाक उतरत असले पाहिजेत, त्यांच्या नावे दप्तरात एक ओळही पडली नाही. ज्यावर कर बसत नाही त्याची गणना करण्याचे कोणत्याही अंमलाला प्रयोजन नव्हते, आणि बुलढाणा जिल्ह्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्राण्यांच्या नोंदीचा इतिहास समजून घ्यायचा तर ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे. मोजदाद कोणी केली आणि कोणत्या गरजेपोटी केली, यावरच काय नोंदले गेले आणि काय निसटले हे ठरत आले आहे.

या जिल्ह्याचे दोन भाग इथल्या बोलण्यातच पडलेले आहेत: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे मुलूख, आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या कसदार मातीचा सखल प्रदेश, त्याच्याही उत्तरेस सातपुड्याची भिंत. डोंगर, माळ, काळी जमीन आणि खारे सरोवर हे सारे एकाच जिल्ह्यात असल्यामुळे निरनिराळ्या प्रकृतीच्या वाटसरूंना येथे उतारा मिळतो. मृगाच्या सुमारास आफ्रिकेकडून चातक येतो, नवरात्राच्या आगेमागे ओढ्याकाठी शेपटी हलवीत धोबी पक्षी दिसू लागतात, थंडी पडली की गवताळ माळांवर भोवत्या ससाणे जमिनीलगत घिरट्या घालतात, आणि जलाशयांवर तलवार बदके, थापट्या, चक्रांग यांचे थवे उतरतात. इथल्या कुणब्याला हे सारे ठाऊक होते, परंतु त्याचे ज्ञान सणावारांच्या आणि पिकांच्या पंचांगात गुंफलेले असून त्याला लेखणीचा स्पर्श झालेला नव्हता.

या अलिखित पंचांगातील सर्वांत ठळक नोंद भोरडीची होय. साळुंकीएवढा, काळ्या डोक्याचा, अंगाने गुलाबी असा हा पक्षी मध्य आशियाच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशांत, जेथे टोळांची पैदास भरपूर होते तेथे, दगडांच्या कपारींत वसाहती करून पिल्ले वाढवतो. ते काम उरकताच तो दक्षिणेची वाट धरतो, आणि आपल्याकडे पोळ्याच्या आसपास त्याचे पहिले थवे दिसू लागतात. वर्षाचे जेमतेम तीन-चार महिने त्या दूरच्या मुलखात घालवून उरलेला सारा काळ तो हिंदुस्थानात काढतो, तेव्हा त्याला पाहुणा म्हणावे की रहिवासी, हा प्रश्न खरोखरच विचार करण्यासारखा आहे. ज्वारी निसवून कणसे दुधात आली म्हणजे या थव्यांचे पिकांवरचे आगमन ठरलेले असे. हजारोंच्या संख्येने एकदम उतरून एका प्रहरात वावराचा एक कोपरा रिकामा करण्याची त्यांची शक्ती घाटाखालच्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या अनुभवली आहे.

त्यांच्याविरुद्ध जी राखण होई तिची पद्धती पाहण्यासारखी होती. चार बल्ल्यांवर बांधलेल्या माळ्यावर दिवस उगवण्यापूर्वीच राखणदार चढे, आणि पुष्कळदा ते काम घरातल्या बाईकडे किंवा पोरांकडे असे. गोफणीच्या मधल्या विणीव पट्टीत नदीतला गुळगुळीत गोटा ठेवायचा, दोरीचे एक टोक बोटात अडकवायचे, दुसरे मुठीत धरायचे, डोक्यावरून दोन-तीन वेढे गरगर फिरवून मुठीतले टोक नेमके त्या क्षणी सोडून द्यायचे. गोट्याने पक्षी मरावा अशी कोणाची अपेक्षा नसे. टोक सुटताना होणारा फटकाराच थवा उठवायला पुरेसा होई. थवा उठे, आकाशात एकजीव होऊन वळे आणि शेजारच्या वावरात उतरे, मग तिथून हाळी ऐकू येई. अशा रीतीने सकाळ-संध्याकाळ, सोंगणीपर्यंत, गावोगाव माणसे आकाशाकडे डोळे लावून बसत. पक्षी किती आले, कोणत्या दिशेने आले, गतवर्षीपेक्षा आधी आले की उशिरा, याचे इतके बारकाईने व इतक्या ठिकाणी एकाच वेळी झालेले निरीक्षण कोणत्याही विद्वत्सभेला साधले नसते. होळीच्या सुमारास हेच पक्षी पळस, पांगारा आणि काटेसावरीच्या फुलांवर मध पिताना दिसत, आणि उन्हाळा तापण्यापूर्वी ते नाहीसे होत. ज्वारीवरच्या रागापोटी शेतकऱ्याने त्यांना चोर ठरविले हे स्वाभाविकच होते, परंतु नाकतोडे आणि टोळ खाऊन त्यांनी शेताची जी सेवा केली, तीही त्याच खात्यात जमेला धरावी लागेल.

लेखी नोंदीचा आरंभ इंग्रजी अंमलाबरोबर झाला. १८२४ साली मुंबई सरकारने कर्नल विल्यम हेन्री साइक्स याची दख्खनच्या सांख्यिकी माहितीसाठी नेमणूक केली. नांगर, बैल, लोकसंख्या, मजुरी, पर्जन्यमान यांचे आकडे गोळा करता करता या अधिकाऱ्याने पक्षी आणि मासेही टिपून घेतले, आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली. जमाबंदीच्या दृष्टीने पाहणाऱ्या माणसाच्या हातून निसर्गाची इतकी मोलाची सेवा घडावी, हा योग विरळा होय. परंतु साइक्सचे दख्खन म्हणजे मुंबई इलाख्यातील पुणे, नगर, खानदेश, धारवाड हे जिल्हे. मलकापूरच्या पश्चिमेस जेथे खानदेशची हद्द संपून निजामाचे वऱ्हाड सुरू होई, तेथे त्याची लेखणी थांबली. घाटाच्या दक्षिणेस जालना येथे निजामाच्या राज्यात मद्रासच्या फौजेची छावणी होती. ‘बर्ड्‌स ऑफ इंडिया’ हा १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेला थोर ग्रंथ लिहिणाऱ्या टॉमस जर्डन या शल्यवैद्याच्या टिपणांत जालन्याचे नाव येते. सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा यांच्या इतक्या नजीक येऊन ठेपलेली शास्त्रीय दृष्टी त्या काळी दुसरी नव्हती.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या व्यवस्थेखाली आले, १८७० साली आल्फ्रेड लायल याचे वऱ्हाडचे गॅझेटियर निघाले आणि १९१० साली बुलढाणा जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्या कालखंडात वन्य पशुपक्ष्यांकडे पाहण्याची अधिकारी वर्गाची दृष्टी मुख्यतः शिकाऱ्याची होती. नगर जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एकट्या मॅन्सफील्ड नावाच्या अधिकाऱ्याने ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. संख्या इतकी अचूक राहिली याचे कारण तो हिशेब बंदुकीचा होता! ॲलन ह्यूम आणि मार्शल यांनी १८७९ ते १८८१ या काळात काढलेला हिंदुस्थानच्या शिकारी पक्ष्यांवरील त्रिखंडात्मक ग्रंथही याच परंपरेचा. बदके, लावे, करकोचे यांची वर्णने आणि त्यांच्या येण्याजाण्याचे महिने त्यात तपशीलवार सापडतात, कारण ते पक्षी ताटात येत. भोरडी, धोबी, शंकर अशा किरकोळ पक्ष्यांची वाट कोणी पाहत नसे, म्हणून त्यांच्या तारखाही कोणी लिहून ठेवल्या नाहीत.

आणखी एक संधी १९३१ साली आली आणि गेली. त्या वर्षी सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी सुरू केली. अजिंठ्याच्या रांगेला खेटून असलेला औरंगाबादचा मुलूख त्या संस्थानात होता, पण त्याच रांगेच्या पूर्वेकडील बुलढाणा १९०३ पासून मध्यप्रांताशी जोडलेला होता. १८३२ मध्ये वऱ्हाड निजामाचे म्हणून साइक्सच्या यादीतून सुटले. शंभर वर्षांनी ते निजामाच्या कारभारात नाही म्हणून सलीम अलींच्या पाहणीतून सुटले. एकाच भूभागाच्या वाट्याला परस्परविरुद्ध कारणांनी दोनदा तेच फळ यावे, हे दुर्दैव केवळ सरहद्दींच्या फेरबदलाने ओढवले.

मधल्या काळात युरोपात या विद्येचे स्वरूपच पालटले होते. १८२२ साली जर्मनीत एक करकोचा मारला गेला, तेव्हा त्याच्या मानेत मध्य आफ्रिकेतील भाल्याचे लाकूड आरपार अडकलेले आढळले; तो पक्षी आजही रोस्टॉकच्या विद्यापीठात जपून ठेवलेला आहे. हिवाळ्यात पक्षी चिखलात निजतात ही प्राचीन समजूत त्या भाल्याने निकालात काढली. पुढे १८९९ मध्ये डेन्मार्कच्या व्हीबोर्ग येथील शिक्षक हान्स मोर्टेन्सन यांनी १६५ मैनांच्या पायांत ॲल्युमिनियमची कडी अडकविली, त्यावर क्रमांक आणि पत्ता कोरला, आणि पक्ष्यांच्या प्रवासाचा पुरावा हाती येण्याची साधी, स्वस्त व विश्वासार्ह युक्ती जगाला दिली. त्या मैना आपल्या भोरडीच्याच कुळातल्या होत. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ साली ही पद्धती हिंदुस्थानात आणली, तरी कित्येक वर्षे ते काम हौसेच्याच प्रमाणावर चालले.

त्याला गती मिळाली ती एका तापाने. १९५७ साली म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या अरण्यात, माकडे पटापट मरू लागली आणि मागोमाग माणसेही दगावली. गोचिडीमार्फत पसरणाऱ्या या रोगाचे विषाणू सैबेरियातील एका ज्वराच्या विषाणूंशी सदृश आढळले, तेव्हा स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो उत्तरेकडून आला असावा की काय, अशी शंका निघाली. तिचा छडा लावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ मध्ये सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली पक्षिस्थलांतराचा मोठा प्रकल्प उभा राहिला. पक्षी पकडण्याचे काम बिहारच्या मीरशिकार जमातीतील वाकबगार पारध्यांनी केले. बारीक जाळ्यात अडकलेला पक्षी इजा न होता सोडवायचा, पंखाची, चोचीची, पायाची लांबी मोजायची, वजन करायचे, पिसे झडण्याची अवस्था पाहायची, अंगावरच्या गोचिडी कुपीत भरायच्या, पायात कडे चढवायचे आणि त्याला सोडून द्यायचे, असा तो क्रम. कड्यावर मुंबईच्या संस्थेला कळवा अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि अनुक्रमांक एवढेच असे. ही कडी कझाकस्तानात, सैबेरियात, कोठे शिकाऱ्याच्या हाती, कोठे मेलेल्या पक्ष्याच्या पायात सापडत, आणि तिकडून पत्र येई. मॉस्कोचे नाव कोरलेली कडी आपल्याकडच्या तळ्यांवर सापडून तिकडे पत्र जाई. ज्या शंकेने हे काम उभे केले ती सिद्ध झाली नाही, पण लक्षावधी पक्ष्यांच्या कड्यांचा जो संचय झाला त्यातूनच पुढे २०१८ साली हिंदुस्थानच्या पक्षिस्थलांतराचा नकाशासंग्रह एस. बालचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून पूर्ण झाला.

मीरशिकारांचा उल्लेख येथे मुद्दाम केला, कारण वऱ्हाडातही तसेच ज्ञान असलेली एक जमात आहे. फासेपारधी समाजाने तितर, लावे, तणमोर यांच्या वाटा, त्यांची विसाव्याची ठिकाणे आणि त्यांचे आवाज फाशांच्या धंद्यापायी आत्मसात केले. १८७१ नंतरच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने त्यांच्याकडे केवळ संशयाने पाहिले, त्यांच्या विद्येकडे कोणी पाहिले नाही. पावसाळ्यात गवतातून सरळ उंच झेप घेऊन मादीला साद घालणारा तणमोर आज जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो, आणि वऱ्हाडच्या माळावर तो नेमका कोठे उतरतो हे शोधायला अभ्यासकांना याच समाजाचा हात धरावा लागला आहे. या जिल्ह्याच्या प्राणिनोंदीचा पहिला मानकरी कोण, असे विचारल्यास माझा कौल माळ्यावरच्या राखणदारिणीला आणि फासे लावणाऱ्या पारध्याला पडेल.

जगाच्या पातळीवर या साऱ्याची एकत्र गणना करण्याचा उद्योग बॉन शहराभोवती केंद्रित झाला. २३ जून १९७९ रोजी तेथे स्थलांतरी वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १ नोव्हेंबर १९८३ पासून तो अमलात आला आणि त्याच दिवसापासून भारत त्याचा सदस्य आहे. बॉनच्याच अलेक्झांडर कोनिग संग्रहालयातील क्लाउस रीडे यांनी २००१ साली स्थलांतरी प्राण्यांची जागतिक नोंदवही प्रसिद्ध केली. देवमाशांपासून वटवाघळांपर्यंत, सागरी कासवांपासून सारंग्यांपर्यंत अडीच हजारांहून अधिक पृष्ठवंशीय जाती तीत एकत्र आल्या, आणि शेकडो जातींचे वास्तव्याचे प्रदेश संगणकीय नकाशांवर उतरले. करारातील व्याख्या मात्र राष्ट्रांच्या सीमांना धरून आहे: ज्या जातीचा मोठा हिस्सा ठरावीक कालचक्राने एका देशाची हद्द ओलांडून दुसऱ्यात जातो, ती स्थलांतरी. रीडे यांनी ही अट न मानता प्रवासाच्या अंतराला व नियमिततेला महत्त्व दिले. माझ्या मते हीच दृष्टी अधिक सयुक्तिक आहे, कारण भारतासारख्या खंडप्राय देशात प्राणी शेकडो कोस चालून वा उडूनही देशातच राहू शकतो. २०२४ साली समरकंद येथे सादर झालेल्या अहवालानुसार करारात समाविष्ट १,१८९ जातींपैकी ४४ टक्के जातींची संख्या घटत आहे आणि दर पाचांतील एकीहून अधिक जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत.

व्याख्येच्या कक्षेबाहेरचा पण नोंदीच्या दृष्टीने अपूर्व असा एक प्रवास बुलढाण्यानेच पाहिला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने रेडिओ-पट्टा बांधला. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो निघाला, तेलंगणाच्या आदिलाबादेत शिरला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असा फिरला, आणि डिसेंबरमध्ये बुलढाणा व खामगाव यांच्या मधोमध असलेल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्ट्याने नऊ महिन्यांत पाच हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद केली, आणि त्याची एकूण वाटचाल ३,००० किलोमीटरांच्या पुढे गेली. भारतात नोंदली गेलेली वाघाची ही सर्वांत लांब पायपीट होय. हा वाघ ऋतूनुसार परत फिरणारा प्रवासी नव्हता. आपले रान आणि जोडीदारीण शोधण्यासाठी तो निघाला होता. १९९७ साली घोषित झालेल्या, सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्यात वस्तीला दुसरा वाघ नव्हता. पण त्याच्या पट्ट्यामुळे एक गोष्ट कायमची सिद्ध झाली की टिपेश्वरपासून अजिंठ्याच्या रांगेपर्यंत, कपाशीच्या वावरांतून, नाल्यांच्या काठाने, रस्ते ओलांडीत, वाघाला अजून वाट आहे. ती वाट नकाशावर येण्यापूर्वीही होती; कागदावर आल्यामुळे तिच्या रक्षणाची मागणी आता पुराव्यानिशी करता येते.

त्याच सुमारास लोणारचेही भाग्य फळाला आले. २००० साली अभयारण्याचा दर्जा मिळालेले हे सरोवर २०२० मध्ये रामसर कराराच्या आंतरराष्ट्रीय यादीत दाखल झाले. त्या वेळच्या विवरणात ४२७ हेक्टरांच्या या क्षेत्रात पक्ष्यांच्या १६० जाती असल्याचे नमूद असून, उत्तरेकडून हिवाळ्यात येणाऱ्या मोठी लालसरी या बदकाचे नाव त्यात संकटग्रस्त जाती म्हणून स्वतंत्रपणे आले आहे. अबुल फजलाच्या मजकुरात ज्यांना स्थान नव्हते ते पाहुणे चार शतकांनंतर लोणारच्या थोरवीचे प्रमाण ठरले. स्वातंत्र्योत्तर काळात पाटबंधाऱ्यांच्या निमित्ताने नळगंगा, पेनटाकळी, येळगाव, खडकपूर्णा असे जे जलाशय झाले त्यांच्या उथळ काठांवरही हिवाळी बदकांना नवे मुक्काम मिळाले, आणि तेथे आता दुर्बिणी घेऊन जाणारी तरुण मंडळी दिसतात.

तथापि एक पोकळी याच काळात पडली, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने जिल्ह्यातील ज्वारीचे क्षेत्र गिळले. ज्वारी गेली तसे माळे गेले, गोफणी अडगळीत पडल्या, आणि भोरडीच्या आगमनाची वाट पाहणारे ते हजारो डोळे दुसरीकडे वळले. ज्या वृद्ध स्त्री-पुरुषांनी बालपणी राखण केली, त्यांच्या स्मरणात पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या थव्यांचे आकारमान, आगमनाचे सण आणि मुक्कामाची झाडे अजून शाबूत आहेत. हे साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी अक्षय्यतृतीयेला होते आणि दुसऱ्या दिवशी तिचे भाकीत सर्व वृत्तपत्रांत छापून येते. पाऊसपाण्याविषयी इतकी आस्था असलेल्या या जिल्ह्यात चातक कोणत्या तारखेला प्रथम ऐकू आला, एवढी एक ओळ गावोगाव लिहिली जाणे मुळीच अशक्य नाही.

तलाठ्याच्या दप्तरात पीकपाहणीचा नमुना दरसाल भरला जातो. तशीच एक वही प्रत्येक माध्यमिक शाळेने ठेवावी, अशी माझी जिल्ह्यातील शिक्षकांना आग्रहाची विनंती आहे. तीत तारीख, गाव, पक्ष्याचे स्थानिक नाव आणि अंदाजे संख्या, एवढे चार रकाने पुरेत. आशियाई पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत असते, तिच्यात आपल्या गावच्या तलावाचा आकडा जावा. आणि घरात ज्यांनी कधी गोफण फिरविली आहे त्यांना येत्या सुट्टीत पोरांनी समोर बसवून, भोरड्या कधी येत, कुठून येत आणि कुठे निजत, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. कोणत्याही सरकारी आदेशाची वाट न पाहता हे काम या पोळ्यापासून सुरू करता येईल.